डोक्यावरून विमान जाईपर्यंत

मी घर सोडलं तेव्हा आमच्या फाट्यावर एस.टी. थांबत नव्हती. पारनेरहून नगरला जाणारी गाडी आमच्या वस्तीकडे वळून बघायचीसुद्धा नाही. म्हणून दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरून निघतानाच बांबूला बांधलेलं पांढरं निशाण खांद्यावर टाकून आणलं होतं. लांबून धुरळा दिसला तसे ते निशाण उंच धरून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, आईबहिणीचा उद्धार केला आणि शेवटी दादांच्या धोतरापासून हातभर अंतरावर गाडी उभी केली. पुढं मी कैक जणांना सांगितलं, की गाडीचं नाक दादांच्या मिशांना लागलं होतं. ते खोटं. ते जागचे तसूभर हलले नाहीत, हे मात्र खरं.

"पोरगं जर्मनीला चाल्लंय," दादांनी त्याला समजावलं.

"मग मदी हुबं राहून मलाबी वर धाडता का, बाबा?" ड्रायव्हर म्हणाला.

माझी ट्रंक टपावर चढेपर्यंत दादांनी हळूच विचारलं, "किसना, वरनं आपलं घर दिसंल का रं?"

"दिसंल म्हंजे? आईनं माळवदावर वाळत घातलेल्या कुरडया मोजून पत्रात लिवतो."

दादा हसले नाहीत. "मग येकदा वरनं येऊन जा," म्हणाले. "मी निशाण धरतो."

तुमच्यातले जे माझ्यासारखेच कुठल्या ना कुठल्या फाट्यावरून गेले, सुरतेला, मुंबईला, समुद्रापलीकडे, त्यांनीही गाडीत पाय ठेवताना असंच काहीतरी बोलून टाकलं असेल. बोलताना ते खोटं वाटत नाही. गाडी सुटली की ते आपल्या मागं लागतं.

त्या निशाणाची हकीकत सांगतो. आमच्या कोरडवाहू रानात पोट भरायचं नाही, म्हणून दादा हंगामाला कोपरगावकडे उसाच्या मळ्यात कामाला जायचे. एका वर्षी उसावर रोग पडला आणि फवारणीचं विमान आलं. त्या विमानाला वरून ओळ समजावी म्हणून फडाच्या टोकाला माणूस निशाण धरून उभा राहायचा. विमान थेट त्याच्या अंगावर यायचं, औषधाचा फवारा सोडत डोक्यावरून जायचं, मग त्यानं पंचवीस पावलं बाजूला सरकायचं आणि पुन्हा उभं राहायचं. बाकीचे गडी विमान जवळ आलं की निशाण टाकून उसात शिरत. दादा कधीच शिरले नाहीत. त्यांचा एकच नियम होता: "इमान डोक्यावरनं गेल्याबिगर पाय हलवायचा न्हाई. आपुन हाललो तर त्येची वळ चुकंल." औषधानं भिजून खोपीवर यायचे तेव्हा त्यांच्या अंगावर माशी बसायची नाही. गावातल्या म्हशींच्या गोचिडीसुद्धा त्यांना बघून पळायच्या, असं मी सांगायचो.

मी तिथं औषधाचे डबे विमानात ओतायला होतो. पुढं गावात मी उठवून दिलं, की पायलटला आभाळात झोप लागली आणि मी दातांनी दांडा धरून विमान उतरवलं. खरं एवढंच, की त्या पायलटसाहेबांना माझी दया आली. सात वर्षं मी त्यांची विमानं धुतली, त्यांनी मला शिकवलं, आणि लायसन मिळालं त्या दिवशी दादांनी कोपरगावात दोघांना भजी खाऊ घातली.

जर्मनीत मी लागलो ती मालवाहतुकीची कंपनी अवाढव्य. तिची विमानं पोटात मोटारी, घोडे, अख्खी छापखान्याची यंत्रं घेऊन जगभर फिरायची. दादांना लिहिलेल्या पत्रांत मी विमानातून हत्तीसुद्धा नेले. एकदा हत्ती शिंकला आणि विमान आपोआप पन्नास मैल पुढं गेलं, असंही लिहिलं. आमचे गुरुजी ही पत्रं वाचून दाखवायचे आणि दादा सांगतील ते उलट टपाली लिहायचे. "हत्तीला वैरण कोण घालतं?" असा दादांचा प्रश्न आला.

खरं असं, की माझ्या विमानात खोकंसुद्धा चढत नव्हतं. ते कंपनीच्या मोठ्या साहेबांचं आठ खुर्च्यांचं जेट. कॅप्टन डावीकडे, मी उजवीकडे. आणि विमान वर जाऊन सरळ उडायला लागलं, की उठून साहेबांना कॉफी देणाराही मीच. पंक्तीत वाढपी असतो तसा. हे काही मी लिहिलं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. दादा आणि आई दोघंही खडी फोडायच्या कामावर जायला लागली. गुरुजींच्या अक्षरात दादांनी लिहिलं, "एवढं मोठं विमान आहे, तर कडब्याची एक खेप आपल्या माळावर टाकता येईल का, साहेबांना विचारून बघ." मी फ्रँकफर्टच्या खोलीत ते पत्र हातात घेऊन किती वेळ बसलो, त्यात मात्र काही वाढवून सांगण्यासारखं नाही.

कडबा टाकणं जमणार नव्हतं. पण त्याच सुमारास साहेबांचा दौरा ठरला: मुंबई, आणि तिथून कलकत्ता. मी ताबडतोब लिहिलं, "दादा, अमुक सोमवारी दुपारच्या आत मावळतीकडून येतो. घरावरून खाली येऊन पंख हलवतो." जसं काही ते जेट माझ्या मामाची बैलगाडीच.

मुंबईहून उडालो. सह्याद्री मागं पडला तसा मी कॅप्टनला म्हणालो, "थोडं उजवीकडे घेऊन जरा खाली येता येईल का?"

"कशासाठी?"

"माझे वडील निशाण घेऊन उभे आहेत."

कॅप्टननं माझ्याकडे पाहिलं. थट्टेनं नाही, अगदी कामाचं विचारावं तसं त्यानं विचारलं, "कोणत्या धावपट्टीवर?"

तेवढ्यात मागून साहेबांनी कॉफी मागितली. मी उठलो. तीन पेले भरले, एकाला साखर कमी होती ती घातली. परत येऊन खिडकीतून पाहिलं तर खाली वेगळंच रान होतं. नगर जिल्हा मागं गेला होता.

कलकत्त्याच्या हॉटेलात बसून मी पत्र लिहिलं. "दादा, तुम्ही स्पष्ट दिसलात. पांढरं धोतर, डोक्याला फेटा, उजव्या हातात निशाण. मी दोनदा पंख हलवले."

त्यानंतर महिन्याभरात दादा गेले. तार माझ्या मागं तीन देश फिरत आली. मी घरी पोचलो तोवर तेरावा होऊन गेला होता. आई ओट्यावर बसली होती. मी शेजारी बसलो. ती म्हणाली, "त्या सोमवारी दादा खाटंवर हुते. कावीळ झाल्ती. अंगात उठायचं बळ न्हवतं. तुला घोर नगं म्हनून कळवू दिलं न्हाई."

"मग निशाण?"

"मी धरलं. सकाळपसनं माळावर हुबी राह्यले. दिवस मावळाया आला तरी हालले न्हाई. त्येंचा नेम म्हाईत हाय ना तुला. मंग त्येंनीच खाटंवरनं हाक मारली. म्हनले, गेलं आसंल गं पोरगं, ये आता."

आईनंच पुढं सांगितलं, की माझं पत्र आलं ते गुरुजींनी दादांच्या खाटेशी बसून वाचलं. धोतर आणि फेट्यापाशी गुरुजी अडखळले आणि आईच्या हिरव्या लुगड्याकडे बघत राहिले. दादांनी त्यांना ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "लई उंचावरनं गेलं पोरगं. तिथनं आई काय अन् बाप काय, सारखंच दिसत आसंल."

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला काय बी दिसलं न्हवतं ना?"

जन्मात पहिल्यांदा मला रचून सांगायला काही सुचलं नाही. "न्हाई," म्हणालो.

"मंग काय करीत हुतास?"

"सायबाला कापी देत हुतो."

तिनं थोडा विचार केला. "दिली ना पर नीट? काम हाय त्ये." आणि मला भाकरी करायला ती आत गेली.

मी अजून त्याच जेटवर आहे. फ्रँकफर्टला माझ्या खोलीत भिंतीतून ऊब येते, नळाला गरम पाणी आहे, आणि तिथले लोक त्याला माझं घर म्हणतात. म्हणोत. निशाणाचा बांबू आईनं वेलाला आधार म्हणून रोवलाय, आणि फडक्यात ती ज्वारीचं बी बांधून ठेवते. घर म्हटलं की मला ओटा आठवत नाही, माळवद आठवत नाही. हिरव्या लुगड्यातली एक बाई माळावर उभी आहे आणि ती हलत नाही, एवढंच येतं डोळ्यांपुढं. तेही मी पाहिलेलं नाही.

आता कुठल्याही मुलखावरून जाताना खाली उघडी तांबूस जमीन आली, की मी खिडकीला कपाळ टेकतो. तेवढ्या उंचीवरून काही दिसत नाही. साहेब कॉफी मागतात. मी मनात पंचवीस पावलं मोजतो, आणि मगच उठतो.