दादाचा तपकिरी झगा

देव आपली काळजी घेतो, असं मी चर्चमधल्या बायकांना नेहमी सांगायचे. स्वतः मात्र सगळा बंदोबस्त आधी करायचा आणि मग देवाला फक्त कळवायचं, ही माझी पद्धत. जन्म केंद्र सरकारच्या नोकरीत गेला, त्यामुळे असेल. निवृत्तीनंतर आम्ही नवराबायको गाझियाबादला फ्लॅट घेऊन राहिलो, तर तिथेही सोसायटीच्या पाण्यापासून नाताळच्या केकपर्यंत सगळी सूत्रं माझ्याच हातात. अशा बाईच्या हातून एका सकाळी तिचा सख्खा भाऊ निसटला आणि आपला विश्वास किती पातळ आहे, ते तिला कळलं.

भाऊ म्हणजे माझा दादा. वसईच्या आमच्या घरातला थोरला. मॅट्रिक झाल्यावर केळीची वाडी सांभाळायची सोडून तो भिक्षाव्रती संन्याशांच्या संघात गेला. अंगात तपकिरी झगा, कमरेला गाठी मारलेला पांढरा दोर, पायात सँडल, खिशात काही नाही. वडील कित्येक महिने त्याच्याशी बोलले नाहीत. संघातल्या नव्या मुलांना संस्थापक संताच्या सणाच्या आदल्या दिवशी रिकाम्या झोळीनिशी गावात सोडत. कुणी दिलं तर खायचं, नाहीतर उपाशी परत यायचं. दादा ही गोष्ट हसत हसत सांगायचा आणि आई पदराने डोळे पुसायची. पुढे कुष्ठरोग्यांच्या वस्तीत त्याने बरीच वर्षं काढली, मग संघाच्या सगळ्या मठांची जबाबदारी त्याच्यावर आली, आणि एक दिवस रोमहून निरोप आला की उत्तरेकडच्या एका धर्मप्रांताचे बिशप व्हा. त्याला जायचं नव्हतं. पण आज्ञापालनाचं व्रत घेतलेलं, गेला. तपकिरी झग्याच्या जागी पांढरा झगा आला, जांभळा कमरपट्टा आला, गळ्यात क्रूस, बोटात अंगठी. तो अवघडला, मी मात्र हरखून गेले. बिशपांची बहीण म्हणून पहिल्या बाकावर बसायला मला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

बिशपपदावरून निवृत्त झाल्यावर त्याला अर्धांगाचा हलकासा झटका आला. हातपाय सावरले, पण मन मधूनच मागे जाऊन मठातल्या दिवसांत रमायचं. साखरेचा आजार जुनाच होता. त्याच्या गुरुदीक्षेच्या, म्हणजे धर्मगुरू झाल्याच्या, सुवर्णमहोत्सवानिमित्त दिल्लीत सत्कार ठरला, म्हणून तो आमच्याकडे उतरला होता. कार्यक्रम दुपारी होता. सकाळी मी त्याला इन्सुलिन टोचलं. ते टोचलं की थोड्या वेळात पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, नाहीतर साखर इतकी उतरते की माणूस घामाघूम होतो, बरळतो आणि जागेवर कोसळतो. उपमा झाकून ठेवला होता. तेवढ्यात सत्काराच्या संयोजकांचा फोन आला. गाडी कधी येणार, हार कोण घालणार, पहिल्या रांगेत कोण, असं सगळं मी त्यांना समजावून सांगत बसले. फोन ठेवून बाहेर आले तर दार नुसतं ओढून घेतलेलं, आणि दादा नाही.

खोलीत गेले. पांढऱ्या झग्याचा हँगर रिकामा होता. मला वाटलं, तयार होऊन चर्चला निघाला असणार. खाली धावत गेले, गार्डला विचारलं.

"सफेद चोगा, बैंगनी पट्टा, बुज़ुर्ग आदमी. देखा?"

"नहीं मैडम, सफेद कपड़ों में तो कोई नहीं निकला," तो म्हणाला.

मी सोसायटीच्या ग्रुपवर तसाच निरोप टाकला. चर्चमध्ये कळवलं, पोलीस चौकीत कळवलं. सगळीकडे एकच वर्णन, पांढरा झगा, जांभळा पट्टा. ह्यांना चर्चच्या रस्त्याने गाडी घेऊन पिटाळलं आणि मी ग्लुकोजचा पुडा मुठीत धरून गेटपाशी उभी राहिले. घड्याळाकडे बघवत नव्हतं. ओठांवर जपमाळेची प्रार्थना होती, पण ती कसली प्रार्थना, ती तर देवाला दिलेली तंबी होती. याने तुझ्यासाठी आयुष्य दिलं, आता तू बघ, असं काहीसं. उत्तर कुठूनच येत नव्हतं. दादा कुठेतरी फुटपाथवर पडलेला मला दिसत होता.

तेवढ्यात गेटबाहेरची इस्त्रीवाली हातात घडी घेऊन आली. "मैडम, ये बाबाजी का सफेद वाला. साहब सुबह दे गए थे."

सत्काराला चुरगळलेला दिसू नये म्हणून ह्यांनी तो इस्त्रीला टाकला होता आणि मला सांगायचं राहिलं होतं. म्हणजे दादाच्या अंगात काय होतं? त्याच्या बॅगेच्या तळाशी एकच कपडा होता, मठातला जुना तपकिरी झगा. गार्डकडे वळून विचारलं, "और भूरे चोगे वाला कोई?"

गार्ड ओशाळला. "वो दाढ़ी वाले बाबा? हाथ में थैला था. मैंने सोचा कोई माँगने वाला अंदर घुस आया है. मैंने कहा, चलो बाबा, आगे बढ़ो. पीछे गाँव की तरफ गए."

आम्ही सगळे बिशप शोधत होतो. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या संघाच्या संस्थापक संताचा सण होता, हे माझ्या लक्षातच नव्हतं. दादा झोळी घेऊन भिक्षेला गेला होता.

सोसायटीच्या मागे जुनं गाव आहे. नवरात्रातली अष्टमी होती. त्या दिवशी इकडे घरोघर लहान मुलींना देवी मानून जेवू घालतात, त्याला कंजक म्हणतात. गल्लीत लाल चुनऱ्या घातलेल्या मुली या घरातून त्या घरात पळत होत्या. मी दिसेल त्याला विचारत सुटले. कुणी म्हणे इकडे गेले, कुणी म्हणे तिकडे. चालता चालता माझी तंबी कधी गळून पडली ते कळलं नाही. नुसतं "घे रे, तूच घे, मला नाही जमत" एवढंच तोंडात राहिलं.

आणि एका उघड्या दारापाशी, चिमुकल्या चपलांच्या रांगेत, मला मोठे झिजलेले सँडल दिसले. बिशप झाल्यावरही त्याने ते टाकले नव्हते.

आत पंगत बसली होती. मुलींच्या शेजारी, मांडी घालून, माझा भाऊ बसला होता. कपाळावर कुंकवाचा टिळा, मनगटाला लाल धागा, पुढ्यात पुरी, काळे चणे आणि शिरा. जो शिरा मी त्याला वर्षानुवर्षं चाखूसुद्धा देत नव्हते, तो तो चाटूनपुसून खात होता. मी दाराशीच खाली बसले.

घरची सून माझ्याच मुलीच्या वयाची असेल. म्हणाली, "एक कन्या कम पड़ रही थी दीदी, मैं बाहर देखने निकली तो बाबाजी खड़े थे. कुछ माँगा नहीं. पसीना छूट रहा था, हाथ काँप रहे थे. भोग लगना बाकी था, सासूजी ने कहा रुक जा. पर मुझसे रुका नहीं गया, मैंने पहले हलवा ही खिला दिया. फिर बच्चियों के साथ इनके भी पैर धो दिए."

तिला साखर उतरण्यातलं काही ठाऊक नव्हतं. मी तिचे हात धरले आणि रडले. दादाने वर पाहिलं. आता तो पुरता भानावर होता.

"बस गं," तो म्हणाला. "दारात बसून काय रडतेस? ताट वाढतायत तुझं."

मी त्याच्या शेजारी बसले. तो हळूच म्हणाला, "पवित्र गुरुवारच्या विधीत इतकी वर्षं लोकांचे पाय धुतले. आज कळलं, धुऊन घेणं जास्त अवघड आहे."

सत्काराला आम्ही उशिरा पोचलो. पांढरा झगा मी हातावर घेऊन गेले होते, त्याने नुसती मान हलवली. मंचावर त्याच्या पदांची यादी वाचली गेली, खूप टाळ्या पडल्या. मग तपकिरी झग्यातला दादा माईकपाशी उभा राहिला आणि हिंदीत एवढंच बोलला, "आज सुबह मैं भूखा था. एक घर में मुझे खाना मिला. मेरी पूरी कहानी इतनी ही है." आणि जागेवर जाऊन बसला. लोकांना वाटलं, म्हातारपणामुळे भाषण विसरले.

तो चमत्कार होता का, हे मी कुणाला पटवायला जात नाही. चुकीचं वर्णन हातात देऊन मी सगळं शहर पाठीमागे लावलं होतं, आणि जिला काहीच कळवलं नव्हतं ती आपणहून दाराबाहेर आली, इतकंच मला माहीत आहे. बंदोबस्ताची माझी खोड काही गेलेली नाही. पण दर अष्टमीला मी त्या घरी जाते, चपला दाराशी काढते आणि ती सून पाण्याचं तांब्या-घमेलं घेऊन आली की पाय मागे ओढत नाही.