तिरपा जळणारा चिरूट

लोटू नाना माळ्याचा घरच्या मांजरीवरही भरवसा नव्हता. सुरतेतल्या उधन्याच्या भाड्याच्या खोलीत तेलाच्या डब्यावर आतल्या तेलाच्या पातळीला तो कोळशानं रेघ ओढायचा आणि कामावरून आला की आधी डबा उजेडात धरायचा, मग हातपाय धुवायचा. बायको सुमन एकदा चिडून म्हणाली, "मन्हा आंगवर बी एक रेघ वढी ठेवा ना." त्यावर नाना हसला नाही. विचारात पडला.

माणूस शिंदखेड्याकडचा. सुरतेत वीस वर्षं काढली पण तोंडातली अहिराणी काही बदलू दिली नाही. सेठ गुजरातीत विचारायचा, नाना अहिराणीत उत्तर द्यायचा, आणि दोघांचंही काम अडायचं नाही. चोवीस लूमच्या खात्याचा तो मास्टर होता. कारखान्याला सुरतेत खातंच म्हणतात. कोणता लूम कधी धागा तोडेल हे त्याला आवाजावरून कळायचं. पण लूम चालवणारा माणूस काय करील हे कळत नाही, म्हणून तो माणसांवर डोळा ठेवायचा.

व्यसन एकच. चिरूट. चांगला अंगठ्याएवढा जाड, काळपट पानाचा. उधन्यात एका तेलुगू माणसाची टपरी होती, तिथून तो जुडी आणायचा. बिडीवाल्यांना तो माणसात धरत नव्हता. "बिडी काय, भो, कोनी बी वढस," म्हणायचा. चिरुटाला अक्कल लागते असं त्याचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. काडी पेटली की तिची पहिली भडक जाऊ द्यायची. मग चिरुटाचं तोंड ज्वाळेच्या वर धरून गोल फिरवायचं, ज्वाळेत खुपसायचं नाही. सगळीकडून सारखा लाल झाला की मगच झुरका. एक बाजू पुढे पळायला लागली तर बोट जिभेला लावून त्या पळणाऱ्या कडेला ओलं करायचं, मागची बाजू खाली धरायची, आणि तिला गाठू द्यायचं. आतल्या आत पोखरत चालला तर राख झाडून बाहेरचं पान थोडं चिमटून टाकायचं.

एक चिरूट त्याला दिवसभर पुरायचा. खात्यात सूत, म्हणून आत विडी-काडी बंद. तेव्हा नाना फाटकाशेजारच्या भिंतीत एक कोनाडा होता तिथं आपला अर्धा चिरूट ठेवायचा. तोही चिरडून विझवायचा नाही. आपोआप मरू द्यायचा, मग उलटी फुंकर मारून आतला शिळा धूर बाहेर काढायचा. नाहीतर दुसऱ्यांदा पेटवला की तोंडात कडू जहर. जेवणाच्या सुट्टीत राख झाडायची, परत एक उलटी फुंकर, कड शेकायची, आणि पेटवायचा. आम्ही खात्यातली माणसं घोळका करून बघायचो. त्याला वाटायचं आम्ही चिरुटावर टपलोय.

१९९४ साल. गणपती बोळवून चार दिवस झाले असतील आणि शहरात प्लेगची बातमी फुटली. कोणी म्हणे एवढे मेले, कोणी म्हणे तेवढे. खरा आकडा कोणालाच ठाऊक नव्हता. एका दिवसात उधना रिकामं झालं. भुसावळकडे जाणाऱ्या गाडीला माणसं लोंबकळली, आम्हीही त्यातच. सुमनवहिनीला आणि पोरांना नानानं आमच्यासोबत धाडलं. स्वतः आला नाही.

"आठे कोनी मरत नही," तो स्टेशनावर म्हणाला. "हाई भंगारवालास्नं काम शे. मानसं पळतीन, आन् त्या लोखंड उचली लेतीन."

म्हणजे प्लेगावरही त्याचा विश्वास नव्हता. पुढचं सगळं मला रामजीनं सांगितलं, आणि नानानं त्यातलं काही खोटं म्हटलं नाही, म्हणून लिहितो.

खात्यात उरली तिघंजणं. नाना. रामजी वाघ, बुलढाण्याकडचा वॉचमन, जयभीमवाला शांत माणूस. आणि अप्पलम्मा, बॉबिन भरणारी तेलुगू बाई, पन्नाशीची, समुद्राकाठच्या गावची. तिचा नवरा ट्रकवर होता आणि तो परत येईपर्यंत ती हलणार नव्हती. तिची खोली खात्याच्या मागच्या फाटकाला लागून.

दोन दिवस नानाला काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी समोरच्या चाळीतून एक माणूस चौघांनी खाटेवर घालून नेला. खोकत होता. औषधाच्या दुकानातल्या प्लेगवरच्या कॅप्सूल संपल्या होत्या. नानानं नाकातोंडाला रुमाल बांधला. त्यावर पाणी मारावं की रॉकेल, हे दिवसभर ठरेना.

त्याच दुपारी त्यानं कोनाड्यातला चिरूट काढला, रीतीप्रमाणे शेकला, पेटवला, आणि तो तिरपा जळायला लागला. डावी बाजू पळे, उजवी मेलेली. बोट ओलं करून लावलं, फिरवून धरला, काही उपयोग नाही. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. मग त्यानं नीट पाहिलं. चिरूट सकाळपेक्षा आखूड होता.

त्या संध्याकाळी नानानं सुताचा दोरा घेऊन उरलेला तुकडा मोजला, दोऱ्याला गाठ मारली आणि दोरा खिशात ठेवला. सकाळी पुन्हा मोजला. बोटभर कमी.

आता नुसती चोरी असती तर नानाला उलट आनंदच झाला असता. आयुष्यभर संशय घेतला, एकदाचा खरा ठरला. पण दिवस प्लेगाचे होते. जो कोणी हा चिरूट ओढतो त्याची लाळ नानाच्या तोंडात जात होती, आणि दोन दिवसांपासून जात होती. नाना फाटकाच्या आडोशाला गेला आणि सदरा वर करून काखेत गाठी चाचपू लागला. रामजीनं ते बघितलं.

"काय झालं, नाना?"

"तू लांब उभा राय." नानानं रुमाल वर ओढला. "खरं सांग. मन्हा चिरूट तू वढस?"

"मी तंबाकूले हात लावत नाई. तुमाले ठाऊक हाये."

"मंग खोकस कसाले?"

"सुताची धूळ हाये. वीस वर्सापासून खोकून रायलो. आज ऐकू आलं का तुमाले?"

"आज आयकू उनं."

रामजी दुखावला. वीस वर्षं एका डब्यातली भाजी खाल्लेली. त्यानं आपली खुर्ची उचलली आणि फाटकाच्या बाहेर, पलीकडे नेऊन टाकली. "घ्या. आता माहा खोकला सुदीक तुमच्या खात्यात येनार नाई."

नानानं मग सापळा लावला. मिरचीचा ठेचा, आमच्याकडचा, लसूण घालून वाटलेला, डोळ्यात पाणी आणणारा. तो त्यानं तोंडात धरायच्या टोकाला पातळसा चोपडला आणि चिरूट कोनाड्यात ठेवला. पहिल्या झुरक्यालाच चोर बोंबलला पाहिजे. नाना आत लूमजवळ बसून कान लावून राहिला. बंद खात्यात उंदीर पळाला तरी ऐकू येत होतं. कोणीही बोंबललं नाही.

दुपारी त्यानं चिरूट काढला. बोटभर कमी. ठेचा जसाच्या तसा. आणि जळकं टोक, जिकडे राख असते ते टोक, ओलं.

नानानं चिरूट अंगापासून लांब धरला. ठेचा शाबूत म्हणजे कोणाचं तोंड लागलंच नाही. तोंड न लावता चिरूट जळतो कसा? आणि विस्तवाच्या टोकाला पाणी कशाचं? कोणीतरी काहीतरी शिंपडत होतं. औषध असेल, विष असेल, करणी असेल, नाहीतर रोगाचंच पाणी असेल. शहरात अशा गोष्टी ऐकू येतच होत्या की कोणीतरी मुद्दाम रोग पसरवतोय. वीस वर्षांत त्यानं खात्यात किती जणांचा खाडा लावला, किती जणांना रडवलं, ते एकेक आठवायला लागलं.

शेवटचे चारच चिरूट उरले होते. टपरीवाला तेलुगूही पळाला होता. तरी नानानं आदल्या दिवशीसारखाच ठेचा चोपडून तुकडा कोनाड्यात ठेवला, आणि सूत गुंडाळायच्या रिकाम्या रुळांच्या, बीमच्या ढिगामागे जाऊन बसला. भर दुपार. घामानं रुमाल तोंडाला चिकटलेला.

अर्ध्या तासानं अप्पलम्मा आली. इकडेतिकडे बघितलं. चिरूट घेतला, राख झाडली, मुठीतून उलटी फुंकर मारली, कड शेकली. अगदी नानासारखं, किंबहुना नानापेक्षा सफाईनं. पेटवला. एक झुरका घेतला तोही टोक ओठांना न लावता, मुठीतून. आणि मग तिनं चिरूट उलटा केला आणि जळता विस्तव सरळ तोंडात घातला. ओठ मिटले. बाहेर राहिलं फक्त ठेचा लावलेलं टोक.

"आग! आग खास ती!" नाना ओरडत ढिगामागून उठला, दोन बीम गडगडत खाली आले. "डाकीण! रामजी, पळ!"

रामजी पळत आला तो काठी घेऊन. अप्पलम्मानं शांतपणे चिरूट तोंडातून काढला आणि नाकातून धूर सोडला.

"चिल्लाते कायको, मास्टर?" ती म्हणाली. "हमारे गाँव में सब औरत ऐसाइच पीती. समुंदर की हवा में बाहर आग टिकती नहीं. मुँह में रखो, आराम से जलती."

"जीभ जळत नही?"

"तुम्हारी जले. मेरी तीस साल से नहीं जली."

रामजी काठी टेकून हसायला लागला तो खोकेपर्यंत हसला. नानानं त्याच्याकडे बघितलं आणि तो खोकताना मागे सरकला.

"आन् ती चोरी?" नाना अप्पलम्माकडे वळला. "मांगता येत नव्हतं?"

"तुमसे मांगूँ? तुम तेल पे लकीर मारते." खात्यात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. "टपरी बंद है. मेरा चार दिन से खतम. सिर फटता था. और मिरची किसने लगाई? घर जाके उँगली से आँख में गई. तुम्हारे पूरे खानदान का नाम लिया मैंने."

"तुन्हा मुळे मन्हा चिरूट तिरपा जळस," नाना म्हणाला. एक तरी गोष्ट त्याला धरून ठेवायची होती.

अप्पलम्मानं त्याचं मनगट धरलं आणि तळवा कोनाड्याच्या आतल्या उजव्या अंगाला दाबला. भिंत थंडगार, ओली. मागे पाण्याची टाकी होती आणि खातं बंद पडल्यापासून ती काठोकाठ भरून पाझरत होती. चिरूट रात्रभर उजव्या कुशीवर ओल पीत पडायचा. ओली बाजू पेटायची नाही, कोरडी पळायची.

"टेढा दीवार करती," ती म्हणाली. "मैं तो सीधा जलाती."

नानानं हात ओढून घेतला आणि सदऱ्याला पुसला. तिनं हात धरला होता, ते त्याच्या आता ध्यानात आलं होतं.

"खोकीसन दखाड," तो म्हणाला.

"क्या?"

"खोकून दाखवा म्हन्ते," रामजीनं समजावलं.

अप्पलम्माचे डोळे बारीक झाले. "पहले तुम खोको. तुम्हारा जूठा मैं उठा रही थी. मैं नहीं डरी होगी? इसलिए उधर का सिरा मुँह को लगाया नहीं. जिधर तुम्हारी थूक, उधर मेरा मुँह नहीं."

हिशेब बरोबर होता. त्याचं टोक तिच्या तोंडाला लागलं नव्हतं, तिचं टोक त्याच्या. दोघांच्या मधे विस्तव. पण विस्तवावर तरी किती विसंबायचं? तिचा श्वास त्या पानातून गेलाच होता.

रामजीनं दोघांना समोरासमोर दहा पावलांवर उभं केलं. आधी नाना खोकला, मग बाई. रामजी म्हणाला, दोघंही कोरडे, आता मले माही खुर्ची आत घेऊ द्या. नानानं अडवलं नाही. मग नानानं जुडीतले दोन चिरूट काढून जमिनीवर ठेवले आणि मागे सरकला. दयाबिया काही नाही. दुसऱ्याच्या तोंडाशी पुन्हा संबंध नको होता. तिनं उचलले, वास घेतला, "माल पुराना है," म्हणून कमरेला खोचले.

कोणीतरी सांगितलं होतं की लागण झाली असली तर आठवड्यात कळतं. नाना दिवस मोजायला लागला. रोज सकाळी अप्पलम्मा मागच्या फाटकाशी बादली भरायला यायची आणि नाना लांबून तिच्याकडे बघायचा. चालते कशी, बसते कशी, पाणी पिते का. तिला ते दिसत होतं. तीही त्याच्याकडे तशीच बघायची.

सहाव्या सकाळी ती आली नाही. ऊन वर चढलं. बादली फाटकाशी पालथीच. नानानं चहा टाकला होता, तो तसाच राहिला. रामजीला म्हणाला, तू जाय. रामजी म्हणाला, संशय तुमचा, तुमीच जा.

नाना गेला. खोलीचं दार आतून बंद. दहा पावलांवर उभा राहून त्यानं रुमालाआडून हाक मारली, "अम्मा!" उत्तर नाही. खडा उचलून दारावर मारला. दुसरा मारला. काख चाचपली, काही लागलं नाही, परत चाचपली.

कडी वाजली. अप्पलम्मा दारात. केस सुटलेले, डोळे तांबारलेले. नवऱ्याचा निरोप आला होता, ट्रक नाशिकपर्यंत पोचला, रात्री झोपच लागली नव्हती आणि आता कुठं डोळा लागला होता.

"मरी नहीं, मास्टर," ती म्हणाली. "पत्थर मत मारो."

"खोक."

तिनं सुटलेले केस बांधले. मग खोकली. कोरडं, साधं, रागानं.

नाना वळला. फाटकाशी येऊन त्यानं रुमाल सोडला, गार झालेला चहा पुन्हा गरम केला, आणि रामजीच्या बशीत ओतला. त्या भांडणानंतर पहिल्यांदा त्यानं रामजीच्या शेजारी बसून भाकर खाल्ली. तोंड मात्र दुसरीकडे फिरवूनच.