लाहीचं हसू

लाही हे नाव तिला बापाने दिलं. लहानपणी तिला हसू आलं की आधी एक फुटायचं, मग दुसरं, आणि मग तव्यावर लाह्या तडतडाव्यात तशी ती थांबता थांबायची नाही. पुढे लग्न झालं, नवरा अकाली गेला, ती थोरल्या भावाकडे राहायला आली. केस पिकले, पण नाव राहिलं आणि हसूही राहिलं. एका लाँड्रीत ती इस्त्रीचं काम करायची. तिथे वाफेने कोंदलेल्या खोलीत कुणी काही बोललं की लाही फुटायची आणि काउंटरवरचं गिऱ्हाईक विनोद न कळताच हसत बाहेर पडायचं.

त्याच लाँड्रीत टीव्हीच्या एका मालिकेचे कपडे धुवायला यायचे. एकदा कपडेपटाचा माणूस गठ्ठा घ्यायला आला आणि दारातच थबकला.

"मावशी, हे हसणं विकत मिळेल का?"

चेष्टा वाटली, पण चेष्टा नव्हती. मालिका विनोदी होती. एक ठकांची टोळी. म्होरक्या, त्याची तोंडाळ बायको आणि तिचा आळशी भाऊ. जगाला टोप्या घालायच्या आणि घरी येऊन वाटणीवरून एकमेकांच्या झिंज्या उपटायच्या. शूटिंग प्रेक्षकांसमोर चालायचं, पण प्रेक्षक लाजतात. पहिलं कुणीतरी हसावं लागतं, मग बाकीचे हसतात. ते पहिलं हसू लाहीने हसायचं, एवढंच काम.

तिला ते काम आवडलं, खोटं कशाला बोला. टोळीने एका लबाड बिल्डरला त्याच्याच बिल्डिंगची गच्ची विकली तेव्हा तिला खुर्चीत बसवेना. घरी दादा दर आठवड्याला टीव्ही लावून बसायचा. गोष्टीत त्याला रस नव्हता.

"एवढ्या गर्दीत तुझं हसू बरोबर ओळखू येतं गं लाहे," म्हणायचा. तेवढ्यापुरता त्याचा चेहरा उजळायचा.

कारण दादा वर्षभर घराबाहेर पडला नव्हता. जन्मभर चष्म्याच्या दुकानात त्याने दुसऱ्यासाठी काचा घासल्या होत्या. निवृत्त झाल्यावर स्वतःचं छोटं दुकान टाकायचं त्याच्या मनात होतं. तेवढ्यात एक काका, एक काकू आणि त्यांचा पुतण्या आले. वडिलोपार्जित गाळा विकायचा म्हणाले. काकाला तो दादालाच द्यायचा होता, काकूला दुसऱ्याच कुणाला. दादाच्या बैठकीत बसून दोघं असे भांडले की काकू रडत जिना उतरली. दादा तिच्यामागे धावला, समजूत घातली, परत आणून चहा पाजला. तीन वेळा त्याने त्यांची दिलजमाई केली. ज्यांचं भांडण आपण मिटवलं त्यांच्यावर संशय कसा घ्यायचा? आयुष्यभराची पुंजी त्याने त्यांच्या हातात ठेवली. गाळा भलत्याच माणसाचा निघाला आणि ती तिघं हवेत विरली.

"मी त्यांचं भांडण मिटवलं गं," एवढं एकच वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणाला. तक्रार करायला गेला नाही. लोक हसतील म्हणाला.

आणि मग तो भाग आला. टोळीने एका म्हाताऱ्या विधुराला हेरलं. त्याला छोटीशी बेकरी टाकायची होती. म्होरक्या आणि त्याची बायको त्याच्यासमोर खोटं खोटं भांडू लागली. म्हातारा मध्ये पडला, हात जोडून म्हणाला, "भांडू नका हो, आधी चहा घ्या." आणि त्याची पाठ वळताच तिघांनी एकमेकांना डोळा मारला.

हसायची खूण करणाऱ्या माणसाने लाहीकडे बघून हात वर केला. लाही हसली नाही. त्याने पुन्हा हात वर केला. सभागृह चिडीचूप. दिग्दर्शक वैतागून पुढे आला.

"मावशी, झोप लागली का?"

लाही उभी राहिली. तिच्या अंगाची लाही लाही होत होती.

"जागीच आहे मी. यात हसायचं कुठे, ते सांगा."

"अहो, म्हातारा कसला बावळट आहे बघा!"

"बावळट? दोन माणसांचं भांडण मिटवायला गेला, म्हणून बावळट? घरी आलेल्याला चहा विचारला, म्हणून? त्या बिल्डरला लुटलंत तेव्हा मी पोट धरून हसले. या बिचाऱ्याने कुणाचं काय घोडं मारलंय?"

"मावशी, विनोद आहे हा, मनावर घेऊ नका. चला, बसा."

"मनावर नको घेऊ तर काय पायावर घेऊ?"

यावर प्रेक्षक मात्र खो खो हसले. तेच तिला सर्वांत झोंबलं. पिशवी उचलून ती निघून आली. दादाला सांगितलं, तिथे बसून बसून पाठ दुखते म्हणून ते काम सोडलं.

तो भाग लागायच्या दिवशी तिने हजार बहाणे केले. डोकं दुखतंय, टीव्ही नको. दादा म्हणाला, "आवाज बारीक ठेवतो." म्हातारा हात जोडून "आधी चहा घ्या" म्हणाला आणि दादाच्या हातातला रिमोट तसाच राहिला. ठकांनी डोळा मारला. आणि सगळ्यांच्या वर, आधी एक, मग दुसरं, मग तडतड तडतड, लाहीचं हसू फुटलं.

लाही सुन्न झाली. दादाने तिच्याकडे पाहिलं नाही. भिंतीकडे बघत हळूच विचारलं,

"तुलासुद्धा हसू आलं?"

"दादा, तुझी शपथ, मी हसले नाही!"

"मग हे कोण हसतंय?"

"मीच. पण हे आधीचं कधीतरी हसलेलं आहे. यांनी ते उचलून इथे चिकटवलं." आणि मग तिने रडत रडत सगळं सांगितलं.

दादाने रिमोटने टीव्ही बंद केला. मग त्याचा आवाज चढला. स्वतःची पुंजी गेली तेव्हा चढला नव्हता इतका चढला.

"तू नाही म्हणालीस, उठून आलीस, तरी तुझ्या तोंडचं हसू वापरलं? ही कसली रीत? चपला कुठे आहेत माझ्या?"

दुसऱ्या दिवशी दोघं स्टुडिओच्या फाटकाशी गेली. प्रेक्षकांची रांग लागलेली होती. आतून मॅनेजर आला, गुळगुळीत दाढी आणि गुळगुळीत बोलणं.

"काका, हसण्याचा मोबदला बाईंना मिळालाय. रेकॉर्ड झालेला आवाज आमच्या मालकीचा. कुठे लावायचा ते आम्ही ठरवणार."

"कपडे धुवायला दिले म्हणून लाँड्रीवाला ते घालून मिरवतो का?" लाही कडाडली.

"तिने ज्या गोष्टीला हसायला नकार दिला, तिथून तिचं हसू काढा," दादा म्हणाला. "बाकी काही मागत नाही."

मॅनेजर रांगेकडे बघून हसला. "काका, एवढे का चिडताय? तुम्हालाच कुणी टोपी घातली की काय?"

रांगेत खसखस पिकली. लाहीने दादाचा हात घट्ट धरला. आता हा कोसळणार, तिला वाटलं. दादाने हात सोडवून घेतला.

"हो, घातली," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तिघं होती. माझ्या घरात बसून भांडली, मी समेट केला आणि मला धुऊन नेलं. वर्षभर तोंड लपवून बसलोय मी. त्यांनी लपवायचं तोंड मी लपवलंय! आता हसा कुणाला हसायचंय ते."

कुणी हसलं नाही. एक बाई रांगेतून बाहेर आली, "आमच्या आतेलाही असंच फसवलं," म्हणाली आणि आत न जाता घरी गेली. बाकीचे फाटक उघडल्यावर आत गेले. सगळेच कसे परत जातील?

हसू काही त्यांनी काढलं नाही. तो भाग दोनदा पुन्हा लागला आणि दोन्ही वेळा तिथे लाही हसली. ती लाँड्रीत पूर्वीसारखी इस्त्री करत राहिली. "त्या मालिकेच्या कपड्यांना मी हात लावणार नाही," तिने मालकाला बजावलं. मालक कुरकुरला, पण लाहीसारखी इस्त्री दुसरी कोण करणार?

दादा मात्र त्या दिवशी फाटकापासून घरी गेलाच नाही. तसाच पोलीस चौकीत शिरला, लाही मागोमाग. वर्ष उलटल्यावर आलात, म्हणून हवालदाराने आधी टाळाटाळ केली, बाकावर ताटकळत ठेवलं. शेवटी कंटाळून पेन उघडलं.

"बोला. दिसायला कशी होती माणसं?"

"साधी. पण भारी भांडकुदळ. मीच त्यांचं भांडण मिटवलं."

हवालदाराच्या मिशीखाली हसू हललं. दादाने टेबलावर अशी थाप मारली की पेनाचं टोपण खाली पडलं.

"हसू नका, साहेब. लिहून घ्या."

हवालदाराने मान खाली घातली आणि लिहायला लागला.