काठावरचा आवाज

सांगलीच्या आमच्या घरात व्हिडिओच्या सात कॅसेट होत्या. तीन बहिणीच्या लग्नाच्या, दोन वास्तुशांतीच्या, एक भाचीच्या बारशाची. सातवी कशाची होती ते कुणालाच आठवत नव्हतं. ती लावली की पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसत. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा या कॅसेटचं काय करायचं हा प्रश्न घरात आला. बहीण वडूजला दिलेली. तिच्या सासरी सीडीचा प्लेअर आला होता आणि व्हीसीआर कुणाला तरी देऊन टाकला होता. सगळ्या कॅसेटच्या सीडी करून घेऊ, असं ती दर फोनला म्हणायची. आई सांगलीत, जुन्या व्हीसीआरसह. मी साताऱ्यात एका दैनिकाचा बातमीदार होतो. शनिवारच्या एसटीने सांगली गाठायची आणि सोमवारी पहाटे परतायचं, असा क्रम होता.

खरा प्रश्न सात कॅसेटचा नव्हता. लग्नाच्या तिसऱ्या कॅसेटमधल्या शेवटच्या चार मिनिटांचा होता.

त्या काळच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये माणसं बोलत नसत. व्हिडिओवाला शूटिंग करून नेई आणि महिन्याभराने मिक्सिंग करून आणून देई. मिक्सिंग म्हणजे मूळ आवाज पुसून त्यावर सिनेमाची गाणी चढवणं. नवरी कमळातून उगवे, नवरदेव बदामात बसे, आणि मांडवातले सगळे लोक गाण्याच्या तालावर मुकेपणाने ओठ हलवत. ज्याच्या कॅसेटमध्ये गाणी जास्त, त्याचं लग्न थाटाचं, असं सगळ्यांनाच वाटे. आम्हालाही वाटलं होतं. वडील चार ठिकाणी दिसतात. चारही ठिकाणी त्यांच्या तोंडून एका गायिकेचा आवाज येतो.

वडील हळदीच्या बाजारात तोलाईदार होते. पोती काट्यावर चढली की वजन मोठ्याने पुकारायचं, हे त्यांचं काम. आवाज खणखणीत. बहिणीच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात ते गेले. फोटो पुष्कळ होते. आवाज कुठेच नव्हता. फक्त तिसऱ्या कॅसेटमध्ये गाणी संपून ‘शुभम् भवतु’ची पाटी येते, त्यानंतर टेप उरली होती, आणि उरलेल्या टेपवर व्हिडिओवाल्याने शेवटच्या पंगतीचं थोडं शूटिंग तसंच, गाणी न चढवता, सोडून दिलं होतं. त्यात वडील पंगतीतून चालत येतात. “सावकाश होऊ द्या, सावकाश होऊ द्या,” असं दोन्ही बाजूंना म्हणतात. मग थेट कॅमेऱ्याकडे बघतात. “आरं गड्या, तू जेवलास का? ठेव ती पेटी खाली. आदी बस.” व्हिडिओवाला कॅमेरा खाली ठेवतो, पण बंद करायला विसरतो. पुढे पडद्यावर कार्यालयाची शहाबादी फरशी दिसत राहते. भांड्यांचा आणि माणसांचा गलका. थोड्या वेळाने वडिलांचा आवाज पुन्हा येतो: “ही पंगत उठू दे, मग बसतो.” एवढंच.

व्हिडिओवाल्याने त्यांना तुम्हीही बसा असं म्हटलं असणार आणि हे त्याला दिलेलं उत्तर असणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

आईने या चार मिनिटांसाठी एक शिस्त घालून दिली होती. पितृपंधरवड्यात वडिलांच्या तिथीला म्हाळ घालायचा, त्या दिवशी दुपारी टेप एकदाच लावायची. एरवी नाही. वापराने टेप झिजते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. जात्याच्या, पाट्याच्या अनुभवावरून तिने ते ठरवलं होतं. टेप संपली की ती नैवेद्याचं ताट वाढायला घेई, आणि वाढताना दरवर्षी तेच म्हणे. “समद्यांना इचारलं त्यांनी, जेवला का म्हणून. त्यांना कुनी इचारलं न्हाई. मी पन न्हाई.” लग्नाच्या दिवशी वडील संध्याकाळी पाचला जेवले होते, तेही उभ्याने. आईच्या मनातून ते गेलं नव्हतं.  

त्या वर्षीच्या म्हाळाला बहीण वडूजहून आली होती. टेप लावली. वडील पंगतीतून आले, “सावकाश होऊ द्या” म्हणाले, कॅमेऱ्याकडे वळले. “तू जेवलास” या शब्दांवर आवाज एकदम जड झाला, विहिरीच्या तळातून यावा तसा. आईने उठून बटण बंद केलं.

“आई, अगं, आता तरी ऐक,” बहीण म्हणाली. “सीडी करू.”

“करताना टेप तुटली तर?”

“आणि नुसती ठेवून कुजली तर?”

“कुजली तर माज्या घरात कुजंल,” आई म्हणाली.

मी सवयीप्रमाणे दोन ठिकाणी चौकशी केली. साताऱ्यात राजवाड्याजवळ एक व्हिडिओ लायब्ररीवाला होता. तो कॅसेटची फळी रिकामी करून तिथे सीडी लावत होता, तरी म्हणाला, “टेप ती टेप. तुटली तर चिकटवता येते. सीडीवर ओरखडा पडला की राम म्हणा.” दुसरा माणूस सांगलीचा, कॅसेटच्या सीडी करून देणारा. तो म्हणाला, सीडी शंभर वर्षं टिकते. शंभर वर्षं टिकलेली सीडी पाहिली का, असं मी विचारलं. तो हसला आणि म्हणाला, “तुम्ही पेपरवाले.” दोन्ही बाजू मी आईला जशाच्या तशा सांगितल्या. माझं मत तिने विचारलं नाही, मी दिलं नाही.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी तिने स्वतःच कॅसेट पिशवीत घातली. “नुसतं दाखवून येऊ,” म्हणाली.

सांगलीच्या त्या माणसाचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोली. एक संगणक, दोन व्हीसीआर, एक टीव्ही. त्याने कॅसेट उलटी केली, पाच स्क्रू काढले आणि वरचं झाकण उचललं. मग तो थांबला. आत चाकाभोवती कुंकवाची रेघ होती, कोपऱ्यात हळद, तांदळाचे चार-पाच दाणे आणि झेंडूची एक वाळलेली पाकळी.

“मावशी,” तो म्हणाला, “हिची पूजा केली का काय?”

“खंडेनवमीला करतो की.”

“दरवर्षी?”

“ते गेल्यापास्नं. सहा-सात वर्सं झाली.”

आमच्याकडे खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड, सायकल, शिलाई मशीन अशा सगळ्यांची पूजा होते. पोती ओढायचा वडिलांचा लोखंडी आकडाही त्यात असे. वडील गेल्यावर त्या रांगेत कॅसेट आली. आकड्यावर चिमूटभर हळद-कुंकू, कॅसेटवरही चिमूटभर. मी दरवर्षी तिथेच उभा असे. कॅसेटला भोकं असतात हे मला दिसत होतं. मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं.

तो माणूस हसला नाही. त्याने आपल्या संगणकाच्या डब्याकडे बोट केलं. डब्याच्या माथ्यावर कुंकवाची पाच बोटं होती. “आमीपण करतो, मावशी. पण झाकणावर.”

मग त्याने मऊ ब्रशने दाणे काढले, टेपचा थोडा भाग उजेडात धरला आणि आम्हाला दाखवला. चित्र टेपच्या मधल्या पट्ट्यात असतं, तो म्हणाला, आणि आवाज अगदी काठावर, दोऱ्याएवढ्या जागेत. हळद-कुंकू बरोबर त्या काठावर घासलं होतं. टेप तो नव्या कवचात घालू शकत होता, काठ पुसू शकत होता. “एकदा चालेल. दुसऱ्यांदा चालेल असं मी म्हणणार नाही. नाहीतर अशीच घरी न्या आणि लावू नका. मग आहे तशी राहील.”

निवड एवढीच होती. एकदा वाजवून पकडायचं, किंवा कधीच न वाजवता जपायचं.

 टेपकडे बघत आईने विचारलं, “काठावरचा आवाज तुमच्या तबकडीत कुठं बसतो?”

“तिथं काठ नसतो, मावशी. चित्र, आवाज, सगळ्याचे आकडे होतात.”

“आनि ते आकडे वाचतो कोन?”

“उजेड. एक बारीक किरण फिरत्या सीडीवर पडतो, परत येतो.”

“शिवत न्हाई?”

“नाही.”

“काईच घासत न्हाई?”

“काहीच नाही.”

त्याने एक कोरी सीडी तिच्या हातात दिली. आईने ती काठाने धरली, जशी आरती झाल्यावर तबक धरतात. दारातून ऊन येत होतं. सीडीवर रंग फिरले आणि जिन्याच्या खालच्या बाजूला त्यांचा एक पट्टा उमटला. आई सीडी हलवायची, पट्टा हलायचा. तिने असं तीन-चारदा केलं. मीही तो पट्टा बघत होतो. अनेक सभांमध्ये मी यंत्रयुगावरची भाषणं टिपून घेतली होती. न शिवता वाचणं म्हणजे काय, ते मला त्या जिन्याखाली पहिल्यांदा समजलं.

“लावा,” आई म्हणाली.

मी त्या दिवशी एकच गोष्ट सुचवली. बातमीत महत्त्वाचं आधी घेतात, म्हणून म्हटलं, “सुरुवातीपासून नको. शेवट आधी घ्या.” तो म्हणाला, एरवी तो ‘शुभम् भवतु’च्या पाटीवर थांबतो, पुढचं कुणी मागत नाही. म्हाळाच्या दिवशी आईने बटण बंद केलं तेव्हापासून टेप तिथेच उभी होती. त्याने काठ पुसला, टेप नव्या कवचात बसवली आणि बोटाने चाक थोडं मागे फिरवलं.

वडील पंगतीतून चालत आले. चित्रावर आडव्या रेघा होत्या. “सावकाश होऊ द्या.” “तू जेवलास का” स्वच्छ आलं. मग फरशी. मग “ही पंगत उठू दे, मग बसतो.” मग मुंग्या. त्या माणसाने व्हीसीआर थांबवला आणि म्हणाला, “आलं. आता हे संगणकात आहे.”

“परत लावता येतं?” आईने विचारलं.

“कितीही वेळा.”

तिला ते पटलेलं दिसलं नाही. सहा-सात वर्षं ती या आवाजाला वर्षातून एकदा भेटत होती. त्या माणसाने मोठे हेडफोन तिच्या कानांवर बसवले आणि पुन्हा सुरू केलं. संपल्यावर ती म्हणाली, “परत.” पुन्हा संपलं. “झिजलं न्हाई ना?” तो म्हणाला, नाही. “मग परत.”

तिसऱ्यांदा पडद्यावर फरशी आली तेव्हा तिने हात वर केला, वर्गात मुलं करतात तसा, आणि तो तसाच ठेवला. संपल्यावर हेडफोन काढून माझ्या हातात दिले. “मदी कोन बोलतंय बग.”

मी ऐकलं. घरच्या टीव्हीच्या लहान स्पीकरमधून जो नुसता गलका वाटायचा, त्यात आता पातेल्यावरची पळी वेगळी होती, मुलाचं रडणं वेगळं होतं. आणि “आदी बस” झाल्यावर, त्या गलक्याच्या मागून, बरंच लांबून, एका बाईचा आवाज: “आवं, तुमी कवा जेवनार?” लगेच वडील: “ही पंगत उठू दे, मग बसतो.”

मी पुन्हा ऐकलं. बातमीदाराला दोनदा ऐकावं लागतं. शंका नव्हती.

“मी हाय ती,” आई म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “मी इचारलं हुतं.”

तो माणूस चहा सांगायला बाहेर गेला, तो बराच वेळ आला नाही.

राहिलेली टेप त्याने नंतर सुरुवातीपासून घेतली. मंगलाष्टकांजवळ ती दोनदा अडकली आणि एकदा तुटली. तीन तासांच्या तीन सीडी झाल्या. अक्षता पडतात तिथे चित्राचे चौकोन होतात, जणू मांडवात विटा उधळल्या आहेत. हालचाल फार झाली की सीडीला झेपत नाही, असं तो म्हणाला. बहिणीने ते पाहून नाक मुरडलं. सगळ्यात स्वच्छ आली ती शहाबादी फरशी, कारण ती हलत नव्हती.

बाकी कॅसेट आम्ही केल्या नाहीत. सातवीही नाही. तिसरी कॅसेट आईने पुन्हा लावली नाही आणि टाकूनही दिली नाही. खंडेनवमीच्या रांगेत ती अजून आकड्याशेजारी असते, फक्त आता हळद-कुंकू नसतं, एक फूल असतं. सीडी रांगेत येत नाही. तिला काय वाहायचं ते आईला ठरवता आलेलं नाही.

पुढच्या म्हाळाला बहिणीने वडूजहून प्लेअर आणला. टीव्ही तोच जुना होता. वडील आले, पंगतीला सावकाश जेवायला सांगितलं, व्हिडिओवाल्याला बसवलं. फरशी दिसू लागली. त्या स्पीकरमधून पूर्वीसारखाच नुसता गलका येत होता, आईचा आवाज त्यात ओळखू येत नव्हता. आई हातातला पदर सोडून थोडी पुढे झाली आणि नेमक्या त्या जागी, नेहमीच्या आवाजात म्हणाली, “आवं, तुमी कवा जेवनार?”

“ही पंगत उठू दे,” वडील म्हणाले, “मग बसतो.”

आई ताट वाढायला उठली. वाढताना दरवर्षी म्हणायची ते ती त्या दिवशी म्हणाली नाही.