पिवळ्या रंगाचा खड्डा

धारूरच्या स्टँडसमोर सत्यशीलाचं दुकान आहे. पाटीवर 'सर्व गाड्यांची दुरुस्ती' असं ठळक लिहिलंय, पण पाच वर्षं गावानं तिच्याकडून फक्त पंक्चरं काढून घेतली. त्या गावात मीही होतो, हे आधीच कबूल करतो. बीडच्या गॅरेजात आठ वर्षं काम केलेली बाई, आणि मी तिच्यासमोर स्कूटर उभी करून म्हणायचो, "जरा हवा बघ." आता आठवलं की लाज वाटते.

मार्चमध्ये आप्पारावांच्या गाडीचं प्रकरण झालं. आप्पाराव म्हणजे चाळीस एकरांचे धनी, आमचे पुढारी आणि आपल्या वीस वर्षांच्या पांढऱ्या कारवर पोटच्या पोरासारखी माया करणारा माणूस. सिरसाळ्याजवळ खड्ड्यात आदळल्यापासून गाडी उजवीकडं ओढत होती. दोन मोठ्या गॅरेजांनी शॉकअप बदलले, अलाइनमेंट केलं, तरी तिचं ओढणं थांबेना. रस्त्याच्या खात्याला त्यांनी खड्ड्याबद्दल निवेदनही दिलं होतं. शेवटी एक दिवस स्टँडवरच्या टपरीवर चहा पिता पिता ते म्हणाले, "आता भंगारात घालतो."

सत्यशीला हात पुसत पुढं आली. "आण्णा, एकदा मला बघू द्या."

"पोरी, हे पंक्चर न्हाई."

"मला न्हाई घावलं तर ही पाटी उतरवते. जलमभर निस्ती हवा भरते."

भर स्टँडवर हरली असती तर आमच्या लोकांनी तिला दहा वर्षं सुखानं जगू दिलं नसतं.

तिनं जॅकला हात लावला नाही. आप्पारावांना गाडी हळूहळू चालवायला लावली आणि स्वतः मागून चालत राहिली. तिचे वडील धुळाजी मेंढरं राखायचे. लंगडं जनावर हुडकायचं तर ते कळप पुढं घालून मागून चालायचे, कारण उभ्या मेंढीचा पाय काही सांगत नाही. लोक हसले. मग तिनं सुतळी काढली. डाव्या बाजूला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत ताणली, गाठ मारली. तीच सुतळी उजवीकडं लावली तर गाठ मध्याच्या बोटभर पलीकडं गेली. हसणारे बघायला पुढं सरकले.

ती गाडीखाली शिरली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली ती चमकत्या डोळ्यांनीच.

"चाकाला जाग्यावर धरणारा दांडा वाकलाय, लोअर आर्म. पुढचं उजवं चाक मागं सरकलंय. शॉकअप बदलून काय व्हणार?" मग तिनं त्या चाकाकडं बोट दाखवलं. "पण आण्णा, ही गाडी खड्ड्यात न्हाई गेली."

"म्हंजे? मी खोटं बोलतो व्हय?"

"रिंगच्या कडेला पिवळा रंग लागलाय. खड्ड्याला कोण रंग देतंय?"

आप्पारावांशी असं कुणी बोलत नाही. त्यांचे कान लाल झाले, मिशी थरथरली, आणि मग तो मोठा माणूस एकदम ओशाळून हसला.

"सिरसाळ्यात कुणीतरी रामराम घातला. मी दोनी हात जोडले. गाडी पिवळ्या दुभाजकावर चढली. पुढाऱ्यानं असं सांगायचं कसं?"

निवेदन आठवून मी इतका हसलो की चहा सांडला.

दुसऱ्या दिवशी नवा दांडा आला. सत्यशीलानं तो बसवला, चाकांची मापं जुळवली आणि आप्पारावांना शेजारी बसवून गाडी केजच्या रस्त्याला काढली. मी मागं बसलो होतो. सरळ मोकळ्या पट्ट्यावर तिनं स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलले. आप्पाराव ओरडले, "अगं ए!" पण गाडी गवंड्यानं ओळंब्यात धरल्यागत सरळ चालली होती. मला इतका आनंद झाला की मी तिची पाठ थोपटली, जणू शोध मीच लावला होता.

परत आल्यावर आप्पारावांनी सभेतला आवाज लावला. "ऐका रे! आजपासून माझ्या घरच्या सगळ्या गाड्या हिच्याकडं. दोन जिपा, ट्रॅक्टर, समदं. गावात हिच्यासारखा मिस्त्री न्हाई!" आणि जिपांच्या किल्ल्या तिच्या हातात दिल्या.

सत्यशीलानं किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या.

"गाड्या देताय ते लई बरं केलं, आण्णा. आता चालवायला एक ड्रायव्हर बी ठेवा."