बिनकटकटीची झाडं

आमच्या सोसायटीतल्या श्रीनिवास मोघेला कटकट हा शब्द फार आवडतो. तुळस म्हणजे कटकट, पितळेची भांडी म्हणजे कटकट आणि शेजारणीने दार वाजवून विरजण मागणं ही तर सगळ्यांत मोठी कटकट. हिंजवडीला कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत तो नेमकं काय करतो, हे मी त्याला एकदा विचारलं होतं. ‘‘प्रोसेस इम्प्रूव्ह करतो, काका,’’ म्हणाला. कशाची प्रोसेस, ते काही त्याला सांगता आलं नाही. पण कंपनीची बस त्याला रोज न्यायला येते, म्हणजे काहीतरी करत असणार.

त्याचे वडील अनंतराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. सगळा जन्म त्यांनी खांबांवर चढून आणि जमिनीत खड्डे खणून लोकांचे बंद फोन चालू करण्यात घालवला. बायको गेल्यावर बिबवेवाडीतल्या घरात ते एकटेच उरले, तेव्हा श्रीनिवासने त्यांना कोथरूडला आणलं. हे चांगलंच केलं, मी नाही म्हणत नाही. पण आणलं ते एखादं कपाट आणावं तसं. जागा ठरवली, तिथे ठेवलं, विषय संपला. अनंतराव दूध आणायला निघाले, की ‘‘बाबा, तुम्ही बसा, पिशवी दारात येते.’’ भाजी निवडायला घेतली, की ‘‘बाबा, तुम्ही बसा, बाई करतील.’’ बसून बसून त्या माणसाचे पाय सुजले. संध्याकाळी ते खाली माझ्याकडे येत आणि माझ्या घरातला एखादा सैल झालेला स्क्रू मिळतो का ते बघत.

मग श्रीनिवासने फिशटँक घेतला. माशांची आवड म्हणून नव्हे हो. त्याच्या साहेबाच्या हॉलमध्ये आहे म्हणून. काचेची भलीमोठी पेटी, वर दिवा, तळाशी निळी खडी, आणि त्यात सैरभैर झालेले गप्पी आणि एंजल मासे. आडोसा म्हणून नाही. बिचारे दिवसभर फिल्टरच्या मागे दडून बसत आणि पाहुणे आले की श्रीनिवास काचेवर टिचक्या मारून त्यांना बाहेर बोलवत असे.

अनंतरावांना ते बघवेना. ते बस पकडून थेट बिबवेवाडीला गेले. तिथे त्यांच्या जुन्या घराजवळ संभाजीचं माशांचं दुकान होतं. संभाजीने सरळ सांगितलं, ‘‘गोल्डफिश आसतील तर प्लास्टिकची झाडं न्या, अण्णा. ते जित्तं झाड खाऊन टाकत्यात, पैसा वाया. पर तुमचं मासं गरीब हायेत. त्यांला खरं झाड द्या. लपायला बी व्हतं, पाणी बी चांगलं ऱ्हातं. फकस्त काम वाढंल.’’

काम वाढेल म्हटल्यावर अनंतरावांनी पिशवीभर झाडं घेतली.

त्या दिवसापासून माणूस बदलला. निळी खडी काढून त्यांनी धुतलेली रेती घातली. गवतासारखी लांब पात्यांची झाडं मागे लावली, बुटकी पुढे. सकाळी दिवा लावायचा, पिवळं पान कात्रीने काढायचं, नळीने तळाचा गाळ ओढायचा, नळाचं पाणी बादलीत ठेवून दुसऱ्या दिवशी घालायचं. पहिल्यांदा गोगलगायी आल्या, त्या हाताने वेचून काढल्या. गप्पीला पिल्लं झाली आणि ती पानांत शिरून वाचली, तेव्हा अनंतराव मला हाताला धरून वर घेऊन गेले. मी गप्पा मारायला बोलावलं, तर म्हणायला लागले, ‘‘आज नको. आज पाणी बदलायचंय.’’ किती रुबाबात म्हणायचे! मला त्यांचा हेवा वाटायचा, आणि आनंदही व्हायचा.

तेवढ्यात श्रीनिवास ऑनसाइटला, म्हणजे न्यू जर्सीला, जाऊन आला. येताना बॅग भरून प्लास्टिकची झाडं घेऊन आला. जांभळी, गुलाबी, एक तर चक्क नारिंगी. प्रत्येकाच्या बुडाशी ‘मेड इन चायना’ असा शिक्का. चीनची झाडं अमेरिकेहून पुण्यात आणणारा हा माणूस कंपनीत प्रोसेस सुधारतो.

अनंतराव बँकेत गेले होते, तेवढ्या वेळात त्याने टँकमधली सगळी झाडं मुळासकट उपटून कचऱ्याच्या डब्यात टाकली. मी तेव्हा वरच होतो, कारण त्याने सांडलेलं पाणी माझ्या छतातून टपकायला लागलं होतं.

‘‘अरे, वडिलांना विचारलंस का?’’

‘‘सरप्राइज आहे, काका. ही कुजत नाहीत, कापावी लागत नाहीत. झीरो मेन्टेनन्स. बाबा किती राबतात त्या टँकपाठी, बघवत नाही मला.’’

अनंतराव आले. चप्पलही न काढता ते टँकसमोर उभे राहिले. श्रीनिवास हसत म्हणाला, ‘‘बघा बाबा, आता तुम्हाला काहीच करावं लागणार नाही!’’

‘‘मला करायचं होतं रे,’’ ते म्हणाले.

हे इतकं साधं मराठी वाक्य. पोराला कळलं नाही. ‘‘तुम्ही बसा, मी चहा सांगतो,’’ म्हणाला. मला त्याचा इतका राग आला, की मी छताचं बोलायचंही विसरलो.

भाद्रपदात सोसायटीने घरगुती गणपतींच्या सजावटीची स्पर्धा ठेवली. श्रीनिवासला स्पर्धा म्हटलं की चेव येतो. मखराभोवती सोन्याचं जंगल करायचं त्याच्या डोक्यात आलं. नवीन सामान कशाला आणायचं, म्हणून त्याने टँकमधली झाडं काढली, गॅलरीत वर्तमानपत्रावर मांडली आणि स्प्रेच्या डब्याने सोनेरी रंग फवारला. बक्षीस उत्तेजनार्थ मिळालं. विसर्जन झाल्यावर त्याने ती झाडं नळाखाली धरून, जशीच्या तशी सोनेरी, परत टँकमध्ये खोचली. ‘‘वॉव, रिच दिसतंय,’’ म्हणाला. अनंतराव म्हणाले, ‘‘रंग आहे तो, पाण्यात सुटेल.’’ तर म्हणे, ‘‘बाबा, डब्यावर वॉटरप्रूफ लिहिलंय.’’

दुसऱ्या दिवशी पाण्यावर तेलकट सोनेरी तवंग होता आणि त्याखाली सगळे मासे उलटे झाले होते. पानांत वाचलेली पिल्लंसुद्धा. अनंतरावांनी एकेक मासा हाताने काढून कुंडीत पुरला. श्रीनिवासने महापालिकेच्या पाण्याला शिव्या घातल्या. नंतर त्याने टँक माळ्यावर टाकला आणि कॉम्प्युटरवर माशांचा स्क्रीनसेव्हर लावून दिला. वर वडिलांना म्हणतो कसा, ‘‘ह्यातले मरत नाहीत.’’ असल्या माणसाला काय म्हणावं? मला तरी शिवीच सुचली होती.

त्यानंतर अनंतराव सकाळी बाहेर पडायला लागले. डबा घेऊन जायचे, अंधार पडायच्या आत परत यायचे. श्रीनिवासला वाटलं, ज्येष्ठ नागरिक संघात जातात. चौकशी करण्याइतका वेळ त्याला नव्हता. एक दिवस त्याच्या कंपनीतल्या कुणीतरी त्याला सांगितलं, ‘‘अरे, तुझे फादर बिबवेवाडीला माशांच्या दुकानात टँक धुताना दिसले.’’ झालं. वडील दिवसभर कुठे असतात याची काळजी ज्याला कधी वाटली नव्हती, त्याला आता लाज वाटली. दुकान कुठे आहे, हेही त्याला ठाऊक नव्हतं. मला अनंतरावांनी सांगितलेलं, म्हणून मला घेऊन गाडीतून निघाला, वाटभर ‘‘लोक काय म्हणतील, काका’’ चाललं होतं. लोकांनी त्याच्याबद्दल काय म्हणायला हवं, ते मला चांगलं ठाऊक होतं.

दुकानात अनंतराव बाह्या दुमडून, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून उभे होते. समोर एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं. झाडाचं मूळ रेतीत किती खोल दाबायचं, ते त्यांना दाखवत होते. चेहरा उजळलेला. संभाजी गल्ल्यावर निवांत पेपर वाचत होता.

‘‘बाबा, हे काय चाललंय? चला घरी. काय कमी आहे तुम्हाला तिथे?’’

अनंतरावांनी मान वर केली. ‘‘आपण जरा थांबा. ही मंडळी आधी आली आहेत.’’

जोडप्याचं सगळं शंकानिरसन झालं, पिशवीत पाणी भरून झाडं बांधून दिली गेली, ती दोघं गेली. मग त्यांनी पंच्याला हात पुसले आणि मुलाकडे वळले.

‘‘हं, बोला. आपल्याला खरी झाडं हवीत की प्लास्टिकची? खरी हवी असतील तर मी सगळं समजावून सांगतो, वेळ लागेल. प्लास्टिकची बाहेर टोपलीत आहेत. त्यांना माणूस लागत नाही.’’

आणि श्रीनिवास खरोखरच वळून टोपलीकडे बघायला लागला.