अलर्ट मिळाला, पण कोरड्यांना

“डग, ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांनाच अलर्ट गेला नाही,” मी तिसऱ्यांदा सांगितलं.

“सिस्टिमने पाठवला ना? मग आपलं काम झालं,” माझा बॉस म्हणाला.

कॅनडातल्या कनाटाच्या थंडीत ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसून ऑफिस गाठायचं, ते हे ऐकायला!

आमची कंपनी पुराची सूचना देणारं सॉफ्टवेअर करते. पश्चिम आफ्रिकेतल्या एका किनाऱ्यावरच्या शहरासाठी मी ते बसवलं होतं. धोका दिसला की मोबाइल टॉवरच्या टप्प्यातला प्रत्येक फोन बोंबलतो. नाव नोंदवावं लागत नाही. खाडीकाठच्या वस्तीला हेच हवं होतं. समुद्राने गावं गिळल्यावर शहरात आलेली ही माणसं. त्यांची नोंद कुठेच नाही.

पण टॉवरला वीज लागते. पाणी चढायला लागलं की शॉक बसू नये म्हणून आधी याच वस्तीची वीज तोडतात. मग टॉवर बॅटरीवर चालायला हवा, आणि तिथली जुनी बॅटरी लगेच मान टाकते. उंचावरच्या हॉटेलांजवळच्या टॉवरना मात्र नव्याकोऱ्या बॅटऱ्या!

आफी ही तिथली आमची इंजिनिअर. पूर ओसरल्यावर तिने फोन केला. “माझी आई त्या वस्तीत राहते. शेजाऱ्याने पाठीवर घेतली म्हणून वाचली. पुढच्या वेळी काय?”

मी तिथल्या मोबाइल कंपनीच्या मॅनेजरला गाठलं.

“त्या भागातून कमाई किती होते, मॅडम? बॅटऱ्यांचं पुढच्या बजेटमध्ये बघू.”

“बॅटरी आपल्या स्कोपमध्ये नाही,” डगने री ओढली. स्कोप म्हणजे करारात लिहिलेलं काम. मी ई-मेल पाठवत राहिले. उत्तर कोण देतंय! संताप नुसता.

मग एक दिवस त्याच मॅनेजरचा फोन आला. “अर्जंट! हॉटेलात लग्न चालू होतं आणि सगळ्यांचे फोन बोंबलले. हॉटेलवाले भडकलेत. काहीतरी करा.”

“करते,” मी म्हटलं. “हॉटेलांचा वेगळा झोन करू. पाणी खरंच तिथवर येणार असेल तरच वाजेल. आणि त्यांच्याकडे जनरेटर आहेत, टॉवर त्यावर जोडा. मग तिथल्या नव्या बॅटऱ्या खाडीकाठच्या टॉवरकडे हलवू.”

“एवढंच ना? हलवा!”

महिनोन्‌महिने अडलेलं काम आठवड्यात झालं. हसावं की रडावं कळेना.

पुढच्या पावसात वीज गेली, टॉवर चालू राहिला. आफीचा फोन आला. “आई शाळेच्या इमारतीत पोचलीय, पाणी यायच्या आधीच. आता विचारतेय, हा भोंगा बंद कसा करायचा?”

तेव्हापासून कुठलीही मागणी लिहिताना गरिबांचा जीव मी दुसऱ्या मुद्द्यात टाकते. पहिल्यात कुठल्या तरी बड्या माणसाची गैरसोय लिहिते. उत्तर त्याच दिवशी येतं.